कागदाचे वजन

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाच्या निमित्ताने, पावसाने कोंदटलेल्या आमच्या सभागृहात एक व्याख्यान होते. मी बार्देश तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मागच्या रांगेत बसून ही व्याख्याने ऐकण्याचा माझा अनुभव आता बराच जुना झाला आहे. पाहुणे बदलतात, पडद्यावरची कवटी तीच राहते. काही वर्षांपूर्वी बारावीतील एका मुलाने उठून शांतपणे विचारले, की एलएसडीचे, म्हणजे चित्र छापलेल्या कागदाच्या टिकलीवर चढवून विकल्या जाणाऱ्या भ्रमकारी द्रव्याचे, व्यसन लागते का. पाहुण्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, की एकदा तो कागद जिभेवर ठेवला की माणूस आयुष्यातून उठला म्हणून समजा. मुलगा आभार मानून खाली बसला, पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू आले ते कोणताही शिक्षक ओळखेल. उत्तर त्याला आधीच ठाऊक होते, आणि ते पाहुण्यांच्या उत्तराहून वेगळे होते.

बरोबर होता तो मुलगाच. दारू, तंबाखू किंवा हेरॉइन यांची शरीराला जशी सवय जडते तशी एलएसडीची किंवा तथाकथित जादुई अळंब्यांतील सायलोसायबिनची जडत नाही. उलट लागोपाठ तीन-चार दिवस घेतल्यास त्यांचा परिणामच होईनासा होतो. पाहुण्यांच्या त्या एका चुकीच्या वाक्याने पुढची चाळीस मिनिटे फुकट गेली, कारण त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या खऱ्या धोक्यांवरही कोणी विश्वास ठेवला नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांविषयी गोव्यात आपण जी भीती घालतो ती चुकीच्या जागी घालतो, आणि आपला कायदाही त्याच चुकीच्या जागी उभा असल्यामुळे खरा धोका समोर येतो त्या रात्री मुले इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

धोका कोणता हे कळण्यासाठी ही द्रव्ये काय करतात ते आधी पाहिले पाहिजे. बाझेल येथील सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एलएसडी तयार केले, पण त्याचा गुण त्याला १९४३ च्या एप्रिलमध्ये योगायोगाने कळला आणि तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्याने ते मुद्दाम स्वतःवर वापरून पाहिले. आपण अगदी किरकोळ मात्रा घेतो आहोत असे त्याला वाटत होते. ती २५० मायक्रोग्रॅम होती, म्हणजे मिठाच्या चिमटीच्या तुलनेत जवळजवळ शून्य, आणि तरीही सायकलवरून घरी जाताना त्याला रस्ता वितळताना दिसला, शेजारीण चेटकिणीसारखी भासली, आपण मरतो आहोत किंवा कायमचे वेडे होतो आहोत अशी त्याची खात्री पटली. डॉक्टरांना मात्र विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज फारसे काही आढळले नाही. शरीर जवळपास ठीक आणि मन मात्र पूर्ण उधळलेले, हे चित्र या द्रव्यांच्या बाबतीत आजही खरे आहे. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या ज्या ग्राहकांना, म्हणजे पेशींवर ते जिथे जाऊन चिकटते त्या जागांना, ५-एचटी२ए असे नाव आहे, त्यांच्यावर ही द्रव्ये जाऊन बसतात आणि डोळे, कान व स्मृती यांच्याकडून येणाऱ्या माहितीची जी छाननी एरवी आपल्या नकळत चाललेली असते ती सैल पडते. रंग गडद होतात, भिंती श्वास घेतात, एक मिनिट तासासारखे लांबते, ‘मी’ आणि बाकीचे जग यांच्यातली सीमा पुसट होते. एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास टिकतो, सायलोसायबिनचा चार ते सहा.

या अनुभवाचा रंग ठरतो तो घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर आणि भोवतालावर. हे तत्त्व १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत सापडले असे सर्वत्र लिहिलेले असते, आणि त्या द्रव्यांपुरते ते खरेही असेल, पण पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा उभा आहे तो कांदोळीचा आबे फारिया दीडशे वर्षे आधी पॅरिसमध्ये संमोहनाविषयी जवळपास हेच सांगत होता. संमोहन करणाऱ्याच्या हातातून कोणतीही चुंबकीय शक्ती वाहत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनातील अपेक्षेतून घडते, हे त्याचे म्हणणे. रसायनाला फारियाचे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही, कारण इथे मेंदूत खरोखरच एक रेणू जाऊन बसलेला असतो. पण तो रेणू दार उघडतो, आणि आत काय आहे ते ज्याचे त्याचे असते. म्हणूनच घाबरलेल्या, दमलेल्या, भांडून आलेल्या, चार पेले दारू प्यायलेल्या, अनोळखी गर्दीत आणि कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी तोच कागद वेगळा असतो.

आता खऱ्या धोक्यांकडे येऊ. पहिला धोका त्या आठ-बारा तासांतला आहे. त्या वेळात उंची, अंतर, पाणी आणि वाहन यांचा अंदाज राहत नाही. ज्या किनाऱ्यावर शुद्धीत असलेले पोहणारेही दर पावसाळ्यात ओढले जातात, जिथे संध्याकाळनंतर जीवरक्षकांचा मनोरा रिकामा होतो आणि जिथे भाड्याच्या स्कूटरची किल्ली खिशात तयार असते, तिथे हा धोका पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे. मला तर वाटते, की गोव्यात या द्रव्यांमुळे जे जीव जातात त्यांच्यात समुद्राचा, गच्चीचा आणि रस्त्याचा वाटा रसायनाच्या विषारीपणापेक्षा जास्त असावा. दुसरा धोका मनाचा आहे. ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया अथवा उन्माद-अवसादाचा आजार आहे, त्याला एका अनुभवानंतर तो आजार उफाळून येऊ शकतो. थोड्या लोकांना महिनोन्महिने हलणाऱ्या वस्तूमागे रेघ दिसते, पांढऱ्या भिंतीवर दाणे नाचताना दिसतात. उन्माद-अवसादावरच्या लिथियमच्या गोळ्या चालू असताना ही द्रव्ये घेतल्यास झटके आल्याच्या नोंदी आहेत. आता आपल्या घरांकडे पाहा. मावशीला मध्येच कधीतरी ‘बाहेरची बाधा’ व्हायची, काका काही वर्षे गावच्या घरी कोंडलेला होता, या गोष्टी आपण मुलांपासून लग्नाच्या भीतीने लपवतो. ज्या एका माहितीने मुलगा त्या कागदापासून शंभर हात दूर राहिला असता, ती त्याला कोणी दिलेलीच नसते. पाहुण्यांच्या कवटीपेक्षा आजीने सांगितलेली ती एक गोष्ट अधिक उपयोगी पडली असती.

तिसरा धोका सर्वांत कमी बोलला जातो, तो म्हणजे कागदावर एलएसडी असेलच याची खात्री नसणे. २०१० च्या सुमारास बाजारात एनबोम या नावाने ओळखली जाणारी कृत्रिम द्रव्ये आली. तीही इतकी प्रखर, की टिकलीएवढ्या कागदावर त्यांची मात्रा मावते, आणि म्हणून ती सर्रास एलएसडी म्हणून विकली गेली. एलएसडीने सहसा माणूस मरत नाही. एनबोमने मेलेल्यांची नोंद अनेक देशांत आहे. ताप भडकतो, रक्तदाब चढतो, झटके येतात, स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडतात. त्यांतल्या तिघा प्रकारांवर संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये बंदी घातली, पण बंदीने कागदावरचे चित्र बदलत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा आपण काय विकतो आहोत ते ठाऊक नसते. ‘कागद कडू लागला तर थुंकून टाक’ हे किनाऱ्यावरचे शहाणपण या एनबोममुळेच आले. ते पूर्ण खात्रीचे नाही, पण शाळेतल्या व्याख्यानात तेवढेही सांगितले जात नाही.

‘नैसर्गिक असेल तर निर्धोक’ ही समजूत याच्याच शेजारी बसते. पावसाळ्यात रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी (अळंबी) वेचायला जाणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना हे सांगावे लागत नाही. कोणती अळमी खायची आणि कोणतीला हात लावायचा नाही हे ओळखण्यात पिढ्या गेल्या आहेत, आणि चुकीच्या अळंबीने यकृत जाते तेव्हा ती नैसर्गिकच असते. धोतऱ्याचे तसेच. त्याने येणारा भ्रम एलएसडीच्या जातीचा नाही. एलएसडी घेतलेल्याला बहुतेक वेळा कळत असते, की दिसते आहे ते द्रव्यामुळे. धोतरा खाल्लेल्याला ते कळत नाही, तो नसलेल्या माणसाशी बोलत बसतो, अंग तापते, तोंड कोरडे पडते, लघवी अडते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नाही. पणजीतल्या पालिका उद्यानाला ज्याचे नाव आहे तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की चोर अन्नात धोतरा मिसळतात आणि ज्याला तो खाऊ घातला जातो तो भान हरपून हसत राहतो व आपले घर लुटू देतो. साडेचारशे वर्षांपूर्वी या भूमीत ज्याची गणना विषात होत होती, त्याला आज कोणी ‘आदिवासी ज्ञान’ म्हणून चहात घालून देत असेल तर त्याला ओर्ताचे ते पान वाचायला द्यावे.

दुसऱ्या बाजूलाही उत्तर दिले पाहिजे. हरमल-मोरजीच्या कॅफेंत हल्ली एक नवे बोलणे ऐकू येते, की ही औषधेच आहेत, परदेशात नैराश्यावर दिली जातात. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०१८ मध्ये सायलोसायबिनवरील संशोधनाला प्राधान्याचा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून काही मानसोपचारतज्ज्ञांना ते लिहून देण्याची मुभा दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांपैकी ज्यांना २५ मिलिग्रॅमची एक मात्रा दिली त्यांची लक्षणे तीन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम मिळालेल्यांच्या तुलनेत अधिक उतरलेली आढळली. पण त्याच चाचणीत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन सर्व गटांत काही जणांत दिसले, स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा इतिहास असलेल्यांना मुळात प्रवेशच नव्हता, मात्रा मोजलेली होती, आणि रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस तासन्‌तास बसून होता. यांपैकी एकही गोष्ट पार्टीत नसते. भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन हे आपल्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात असते. म्हणून कोणी ते नृत्यमंचावर घ्यावे असे होत नाही, आणि वारंवार घेणाऱ्यांचे मूत्राशय त्याने कायमचे निकामी झालेले डॉक्टरांनी पाहिले आहे.

आता कायदा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात प्रत्येक द्रव्याची ‘अल्प’ आणि ‘व्यावसायिक’ अशी दोन प्रमाणे ठरवलेली आहेत, आणि शिक्षा त्यांवर अवलंबून असते. एलएसडीसाठी अल्प प्रमाण २ मिलिग्रॅम आणि व्यावसायिक १०० मिलिग्रॅम आहे. शुद्ध एलएसडीच्या हिशेबाने हे आकडे समजण्यासारखे आहेत: नेहमीची मात्रा १०० मायक्रोग्रॅम धरली, तर अल्प म्हणजे वीस मात्रा आणि व्यावसायिक म्हणजे हजार. पण एलएसडी बाजारात कागदावर येते आणि कागदाला वजन असते. मिश्रणातील निरुपद्रवी घटकाचेही वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात गोवाही येतो, कागद हा एलएसडीचाच भाग मानून त्याचे वजन धरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हेच केले होते. आता हिशेब करून पाहा. एक टिकली साधारण १२ मिलिग्रॅमची धरली, तर एकच टिकली अल्प प्रमाणाची मर्यादा सहा पटींनी ओलांडते, आणि नऊ टिकल्या झाल्या की व्यावसायिक प्रमाण, म्हणजे दहा ते वीस वर्षांची शिक्षा आणि जवळजवळ अशक्य असलेला जामीन. त्यावर प्रत्यक्ष एलएसडी एक मिलिग्रॅमही नसेल. तेच द्रव्य द्रव रूपात बाटलीत असलेला, खरा घाऊक विक्रेता, वजनाच्या हिशेबात कसा बसतो हा प्रश्न वेगळाच. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना अळंबी हे मिश्रण मानता येणार नाही, म्हणजे तिचे सगळे वजन धरता येणार नाही, असे म्हटले. म्हणजे अळंबीच्या मांसाला जी सवलत मिळाली ती कागदाला नाही. विद्यार्थ्यांना मी मोल आणि ग्रॅम शिकवतो, त्यामुळे असेल, पण ज्या कायद्यात कागद जाड की पातळ यावर दहा वर्षे ठरतात त्याला शास्त्रीय म्हणणे मला जड जाते.

शिक्षेपेक्षाही मला त्यातली एक पळवाट, म्हणजे खरे तर बंद असलेले दार, जास्त खटकते. कायद्याच्या कलम ६४अ नुसार व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. ही तरतूद उदार आहे. पण कायद्यातली व्यसनी या शब्दाची व्याख्या आहे ‘अवलंबित्व असलेला’, आणि एलएसडीने अवलंबित्व येत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिले. म्हणजे हेरॉइन घेणाऱ्याला जे दार उघडे आहे ते पहिल्यांदाच कागद चाखून घाबरलेल्या मुलाला उघडत नाही. तो व्यसनी नाही, हाच त्याचा दोष.

याचा परिणाम काय होतो, हे माझ्या एका माजी विद्यार्थ्याने काही वर्षांनी मला सांगितले. वागातोरजवळच्या भाड्याच्या खोलीत पाच मित्र होते. मध्यरात्रीनंतर एकाला झटके येऊ लागले, अंग तव्यासारखे तापले. १०८ ला फोन करायचा की नाही यावर चौघांचा वाद झाला, कारण विषबाधेचा संशय असलेला रुग्ण आला की इस्पितळात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते आणि पोलिसांना कळवले जाते, हे त्यांनी ऐकले होते. त्यांनी त्याला नळाखाली बसवले, लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, उरलेले कागद संडासात टाकले, आणि उजाडल्यावर त्याला मोटारीत घालून नेले. तो वाचला, पण पुढचे काही आठवडे त्याला डायलिसिसवर काढावे लागले. कागदावर काय होते ते कधीच कळले नाही. माझा विद्यार्थी एवढेच म्हणाला, “सर, आम्हांला त्याची भीती वाटत नव्हती, पोलिसांची वाटत होती.” १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड नाकाने ओढली होती, मात्रा नेहमीच्या कितीतरी पटींनी अधिक, काही जण बेशुद्ध, श्वास मंदावलेला, वेळेत इस्पितळात पोहोचल्यामुळे आठही जण बरे झाले. विष किती, यापेक्षा इस्पितळ किती वेळात, हा प्रश्न अनेकदा मोठा ठरतो.

रस्त्यावरच्या अपघातासाठी आपण हे मान्य केलेले आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण आले, आणि त्यामुळे कोणी बेदरकार गाडी चालवायला लागले असा आरोप कोणी केलेला नाही. तेच संरक्षण मादक द्रव्याने अत्यवस्थ झालेल्याला आणि त्याला आणणाऱ्या मित्रांना द्यावे, त्यांच्या खिशातील सेवनापुरत्या मालावर खटला चालवू नये, असे मी म्हणतो तेव्हा मला विक्रेत्यांची बाजू घेतल्याचे सांगण्यात येते. विक्रेत्याला पकडावे, जरूर पकडावे. पण २०१० मध्ये याच राज्यात अमली पदार्थविरोधी विभागातल्याच पोलिसांना विक्रेत्यांशी साटेलोटे असल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि प्रकरण सीबीआयकडे गेले होते, हे विसरून केवळ धाडींवर विसंबणे भाबडेपणाचे आहे.

यातली एक गोष्ट मला फार टोचते. हणजूणच्या वाळूवर जन्मलेले संगीत ‘गोवा ट्रान्स’ या नावाने जगभर गेले. पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणारा बूम नावाचा महोत्सव त्याच वंशातला. तिथे मैदानात एक तंबू असतो, जिथे घाबरलेल्याला शांत बसवणारे प्रशिक्षित लोक असतात आणि आणलेल्या द्रव्यात खरोखर काय आहे ते तपासून सांगितले जाते. न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशी तपासणी कायदेशीर केली. संगीत आपल्याकडून गेले, तंबू मात्र आपल्याकडे आला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात भ्रमकारी द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ०.१२ टक्के आहे, तर दारू घेणाऱ्यांचे १४.६ टक्के, त्यामुळे उद्याच सर्वत्र तंबू ठोकावेत असे माझे म्हणणे नाही. पण परवाना देताना ध्वनी आणि कचरा यांच्या अटी घालणारे सरकार डिसेंबरच्या मोठ्या महोत्सवांना अशा एका तंबूची अट घालू शकते.

त्याहून स्वस्त गोष्टही आहे. जप्त केलेले कागद न्यायवैद्यक तपासणीला जातात आणि त्यांवर एलएसडी होते की आणखी काही, हे सरकारला कळते. वेर्ण्याला राज्याची स्वतःची प्रयोगशाळा आहे. खटल्याचा तपशील न देता, आरोपीचे नाव न देता, ‘या महिन्यात अमुक चित्र असलेल्या कागदांवर एनबोम आढळले’ एवढी एक ओळ आरोग्य खात्याने जाहीर करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज पडू नये. आज तो अहवाल पाकिटात बंद होऊन न्यायालयात जातो आणि सुनावणीच्या दिवशी उघडतो. तोवर त्याच तावावरचे बाकीचे कागद खाऊन झालेले असतात.